जिताडा, तिरफळ आणि परदेशी मेन्यू

पनवेल परिसरातल्या एखाद्या बड्या हॉटेलात मेन्यूकार्ड हातात आलं की साधारण एकच क्रम दिसतो. सूप, सॅलड, पिझ्झा-पास्ता, चायनीज, थाई करी, कुठे कुठे सुशी, मग तंदूर आणि शेवटी बिर्याणी. त्यात लेमन बटर सॉसमधला ग्रिल्ड फिश हमखास असतो. पांढराशुभ्र, बिनकाट्याचा, वासाचा मागमूस नसलेला. बहुतेक वेळा तो बासा असतो, म्हणजे मूळचा व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीतला, तळ्यात वाढवलेला आणि गोठवून पाकिटातून आलेला मासा. त्याच दिवशी, तिथून फार लांब नसलेल्या एखाद्या खाडीकाठच्या गावात कोणाच्या तरी जाळ्यात जिताडा आलेला असतो. हाच जिताडा सिडनीत बारामुंडी म्हणून कातडीसकट कुरकुरीत भाजून मिळतो. बँकॉकमध्ये तो लिंबू, लसूण, मिरचीत वाफवून अख्खा टेबलावर येतो, सिंगापूरला आलं आणि सोया सॉस घालून. शास्त्रीय नाव सगळीकडे एकच, लॅटेस कॅल्करिफर. जगभरच्या उंची उपाहारगृहांनी डोक्यावर घेतलेला मासा आपल्या दारात आहे आणि परदेशी चवीच्या नावाखाली आपण पाकीट फोडतो, याची मला मनापासून खंत वाटते.

वाटसरूला खाऊ घालणं हा पनवेलचा जुना धंदा आहे. मुंबईहून घाटावर आणि कोकणात जाणारे रस्ते इथूनच फुटतात. पळस्प्याचं दत्त स्नॅक्स कोकणात जाणाऱ्या घराघरांत ठाऊक आहे. पण अशा ठिकाणी माणूस थांबतो तो पुढे जायचं असतं म्हणून. ठरवून, चांगले कपडे करून, दोन-अडीच तास निवांत बसून जेवायला जायची हॉटेलं ही इथली अलीकडची गोष्ट. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल अशी वस्ती वाढत गेली, द्रुतगती मार्ग झाला, 2016 साली पनवेलची महानगरपालिका झाली. आता आईची पंचाहत्तरी, मुलीचा पहिला पगार, साखरपुड्याआधीची दोन घरांची भेट, यासाठी कोणाला मुंबई गाठावी लागत नाही.

एरवी उंची परदेशी जेवण ही मुंबईची, त्यातही अपोलो बंदराची मिरास. 16 डिसेंबर 1903 रोजी ताजमहाल हॉटेल सुरू झालं तेव्हा तिथे 17 पाहुणे उतरले होते. त्या काळात असल्या हॉटेलांच्या भटारखान्याचा मुख्य युरोपीय असायचा, पण राबणारे हात बरेचसे गोव्याचे. जहाजांवर, क्लबांत, साहेबांच्या बंगल्यांत आणि हॉटेलांत गोव्याचे आचारी पसरले होते. सुट्टीत किंवा काम नसताना ते धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासात, राहायचे. फ्रेंच सॉस, पुडिंगं, रोस्ट हे सगळं त्यांनी पुस्तकातून नाही, उस्तादाच्या शेजारी उभं राहून उचललं. त्याच परंपरेतले मिगेल आर्कांजो मस्कारेन्हस पुढे ताजच्या भटारखान्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. सगळे त्यांना मास्की म्हणत. आपल्याकडे गायकांच्या घराण्यांच्या याद्या तोंडपाठ असतात. या आचाऱ्यांच्या घराण्याचा मात्र कोणी नीट इतिहास लिहिला पाहिजे, कारण मुंबईच्या परदेशी जेवणाची पहिली भट्टी त्यांनी सांभाळली.

नंतरचं मोठं वळण 1973 सालचं. तोपर्यंत मुंबईत चिनी जेवण म्हणजे कँटनच्या पद्धतीचं सौम्य जेवण, कुलाब्याचं नानकिंग किंवा चर्चगेटचं कामलिंग. ताजने गोल्डन ड्रॅगन काढलं आणि सिचुआन प्रांताची झणझणीत चव आपल्याकडे आणली. यात ताजच्याच कॅमेलिया पंजाबी यांचा पुढाकार होता. दोनच वर्षांनी, 1975 मध्ये, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात चिकनचे तुकडे तळले, आलं-लसूण-हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरने दाटपणा आणला. ते मांचुरियन. या दोन स्वयंपाकघरांतून निघालेली वाट थेट आपल्या गल्लीत आली. आज पनवेलमध्ये संध्याकाळी कुठल्याही चायनीजच्या गाडीवर शेजवान राइस मिळतो, आणि शेजवान चटणी डोशात, फ्रँकीत, वडापावातही जाऊन बसली आहे. पंचतारांकित दारामागची चव हातगाडीवर आली, ती लोकांनी आपली केली, यात मला आनंदच आहे.

फक्त वाटेत एक गोष्ट गळून पडली. सिचुआनी स्वयंपाकाचा प्राण नुसत्या लाल मिरचीत नाही, तिथल्या मिऱ्यात आहे. हे मिरं जिभेवर ठेवलं की आधी लिंबासारखा वास येतो आणि मग जीभ, ओठ मुंग्या आल्यासारखे बधिरतात. गाडीवरच्या शेजवानात ते नसतं, बऱ्याच हॉटेलांतही नसतं. आणि हे मिरं म्हणजे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे. दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतल्या काटेरी झाडांची फळं, लिंबाच्या कुळातली. दोन्हीकडे आतली काळी बी टाकून देतात आणि वरचं साल वापरतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालणाऱ्या आजीला सिचुआनचा आचारी काय करतो ते पहिल्या घासात कळेल. तिरफळ जरा जास्त रानटी, जास्त लिंबुळं, आणि सिचुआनी मिऱ्याइतकी जीभ बधिर करत नाही, एवढाच फरक. कोकणच्या तोंडाशी असलेल्या गावात चायनीज रेंजवर उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या डब्यात तिरफळ नसावं, हे मला पटत नाही.

आता हॉटेल उंची कशाने होतं, हे जरा जवळून पाहू. झुंबर, गुळगुळीत फरशी, तलम नॅपकिन हे पैशाने आणता येतं. खरा फरक भटारखान्यात. कुठलीही चांगली परदेशी डिश घ्या, तिचं तीन-चतुर्थांश काम गिऱ्हाईक यायच्या आधी झालेलं असतं. हाडांचा स्टॉक सकाळपासून मंद आचेवर असतो, भाज्या एकाच मापाने चिरलेल्या असतात, मासे साफ करून पुसून ठेवलेले असतात. ऑर्डरची चिठ्ठी आत आली की मग खेळ काही मिनिटांचा.

जिताड्याचंच पाहा. त्याचे खवले जाड, कातडी चिवट. फिले काढून मीठ लावलं की कातडीवरचं पाणी कागदाने टिपून अगदी कोरडं करावं लागतं, नाहीतर ती तव्याला चिकटते. तापलेल्या तेलात कातडीची बाजू खाली टाकली की मासा लगेच कमानीसारखा आखडतो. म्हणून पहिलं अर्धं मिनिट चपट्या उलथण्याने तो दाबून धरायचा, मग आच कमी करायची आणि हलवायचा नाही. कडेने मांस पांढरं होत वर चढताना दिसतं. दोन-तृतीयांश चढलं की उलटायचा आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात काढायचा. शेजारच्या भांड्यात तोवर बटरचा सॉस. बारीक चिरलेला छोटा कांदा, व्हिनेगर आणि पांढरी वाईन आटवून चमचाभर उरली की आच मंद करून गार बटरचे तुकडे एकेक करून घालत, घोटत जायचं. आच वाढली तर हा सॉस नासलेल्या दुधासारखा फाटतो, थंड झाला तर गोठतो. तो तासन्‌तास करून ठेवता येत नाही, परत गरम करता येत नाही. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी कॉर्नफ्लॉवरची पांढरी ग्रेव्ही येते आणि कार्डावर नाव तेच राहतं. आपण जे जास्तीचे पैसे देतो ते या काही मिनिटांच्या एकाग्रतेचे असावेत, अशी माझी अपेक्षा आहे.

बासाची बाजूही मला दिसते. तो बारमाही मिळतो, प्रत्येक तुकडा सारख्या वजनाचा, काट्याची तक्रार नाही, दर ठरलेला. जिताडा लहरी आणि महाग. पावसाळ्यात 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, बाजारात सगळ्याच मासळीचे भाव चढतात. पण रायगडच्या खारपाटात जिताडा तळ्यांतही वाढवतात. खाडीच्या भरतीबरोबर आलेली पिल्लं तळ्यात सोडायची ही इथली जुनी रीत आहे. ठरावीक गिऱ्हाईक, रास्त भाव आणि आगाऊ मागणी मिळाली तर ही तळी हॉटेलांना मासा पुरवू शकतील.

बाहेरच्या हॉलकडे वळू. परदेशी मेन्यू समोर आला की आपल्याकडची कितीतरी शहाणीसुरती माणसं उगाच बुजतात. उच्चार चुकेल का, काटा कुठल्या हातात धरायचा, एवढ्याशा प्लेटने पोट भरेल का. हा बुजरेपणा पहिल्या दोन मिनिटांत घालवतो तो खरा कॅप्टन. ‘काका, यात थोडी वाईन आहे, चालेल ना?’ असं तो आपण होऊन विचारतो. शाकाहारी माणसाने रिसोटो मागवला तर अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं, हे तो सांगतो. भाज्यांच्या थाई करीतही फिश सॉस असू शकतो, हे तो आत जाऊन विचारून येतो. चतुर्थीचा उपास असलेल्या मावशींसाठी काय जमेल ते पाहतो. आजोबांनी सुरी बाजूला ठेवून हाताने खायला घेतलं तर त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. एका हॉटेलात माझ्या सोबतच्या वडीलधाऱ्या बाईंना वेटरने सूपचा चमचा कुठला ते चारचौघांत सांगितलं होतं. त्या नंतर जेवल्याच नाहीत. पदार्थ उत्तम होते आणि सगळे वाया गेले.

पाहुण्यावर विश्वास ठेवण्याची एक टोकाची तऱ्हा ताजच्या झोडियाक ग्रिलने करून पाहिली होती. 1989 साली ते सुरू झालं तेव्हा जेवणाची किंमत ठरलेली नव्हती. पाहुण्याने जेवावं आणि त्याला योग्य वाटेल ते द्यावं. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी आणि कामांबेर चीजचं दारिओल यासाठी ते नावाजलं, पुढे बंद झालं. पाहुण्याशी असलेलं ते नातं किती खरं होतं, हे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ताजवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा कळलं. मुख्य शेफ हेमंत ओबेरॉय यांच्या भटारखान्यातले सहकारी पाहुण्यांना बाहेर काढताना मधे उभे राहिले आणि त्यांतले काही मारले गेले.

सामानाच्या बाबतीत पनवेलइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं, ते शेजारच्या उरण तालुक्यात. 1 एप्रिल 2001 पासून आयातीवरचे उरलेसुरले बहुतेक संख्यात्मक निर्बंध उठले आणि ऑलिव्ह तेल, चीज, सॉस यांचा रस्ता खुला झाला. तोवर ज्या गोष्टी मोठ्या हॉटेलांनाही खटपटीने मिळवाव्या लागत, त्या आता आपल्या महामार्गावरून कंटेनरने जातात. त्यात तालुक्यातल्याच उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ आला, ज्याला भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून इथल्या लोकांनी लढा दिला. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्‌घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवाशांची आहे. हॉटेलं वाढणार आणि जपानी, इटालियन, कोरियन पाट्या लागणार, हे उघड आहे.

तेव्हा कोणासारखं व्हायचं, याला मुंबईतच एक नमुना आहे. महालक्ष्मीला एका जुन्या लोकरीच्या गिरणीच्या आवारात 2016 साली अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी मास्क हे उपाहारगृह सुरू केलं. पाश्चात्त्य पद्धतीचं अनेक छोट्या पदार्थांचं जेवण, पण माल देशातल्या कानाकोपऱ्यातून निवडलेला. 2023 साली आशियातल्या उत्तम 50 उपाहारगृहांच्या यादीत ते 16 व्या क्रमांकावर होतं. पनवेलच्या हॉटेलांनी मास्कची नक्कल करावी, असं मी म्हणत नाही. तंत्र कुठलंही घ्या, पण बाजारात जाऊन या, एवढंच. वर सांगितलेल्या बटर सॉसमध्ये व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ आटवता येतं, त्यात दोन तिरफळं टाकून काढता येतात. रंग फिकट गुलाबी येतो, आंबटपणा गोलसर होतो आणि जिताड्याच्या चरबीला तो छान तोलून धरतो. जिभेला हलक्या मुंग्या येतात.

यासाठी शेफने सकाळी मासळी बाजारात कोळणीकडे स्वतः जायला हवं, तिच्याशी वर्षभराचा व्यवहार ठरवायला हवा आणि तिने सांगितलेला भाव दरवेळी पाडून मागू नये. मेन्यूकार्डावर जिताड्यापुढे कायमची किंमत छापू नये. रोजचा मासा, तो कुठल्या खाडीतला किंवा तळ्यातला, आणि त्याचा त्या दिवशीचा भाव दारातल्या फळ्यावर मराठीत खडूने लिहावा. आणि मिळाला नाही त्या दिवशी ‘आज जिताडा नाही’ असं सांगताना कॅप्टनला संकोच वाटू नये.