अक्षरे भरावीत, पण वाक्य वाचून

खोर फक्कान हे शारजा अमिरातीचे ओमानच्या आखातावरचे बंदर. 1979 पासून इथे कंटेनरची जहाजे लागतात. 2019 मध्ये डोंगरातल्या बोगद्यांतून जाणारा नवा रस्ता सुरू झाला आणि शारजा शहर पूर्वीपेक्षा जवळ आले. तरीही पाळीची नोकरी करणाऱ्या माणसाला मुलाच्या परीक्षेसाठी शहर गाठायचे तर दिवस मोडतो. अशा गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना घरबसल्या संगणकावर देता येणारी ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षा सोयीची वाटली तर नवल नाही. परदेशातली अनेक विद्यापीठे प्रवेशासाठी ती स्वीकारतात. या परीक्षेत एक प्रश्न हमखास धास्ती घालतो. एक छोटा उतारा दिलेला असतो, त्यातल्या बऱ्याच शब्दांची पहिली अक्षरे ठेवून पुढची गाळलेली असतात आणि ती ठरलेल्या वेळात भरायची असतात. मग तयारी म्हणून शब्दांच्या याद्या घोकल्या जातात, सरावसंचांचा फडशा पाडला जातो. माझ्या मते या मेहनतीची दिशाच चुकते. प्रश्न अक्षरांचा दिसत असला, तरी तो वाचनाची परीक्षा घेतो, आणि त्याचा सरावही वाचनातूनच व्हायला हवा.

हा प्रश्न कुठून आला ते पाहिले की त्याचा हेतू कळतो. 1953 मध्ये विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने उताऱ्यातले ठरावीक अंतरावरचे शब्द पूर्ण गाळून वाचकाला ते भरायला सांगितले. मजकूर किती सुबोध आहे हे त्याला मोजायचे होते. पुढे हीच पद्धत परभाषा शिकणाऱ्यांची परीक्षा घ्यायला वापरली गेली. पण तिच्यात अडचण होती. अख्खा शब्द गाळला की एका जागी चार शब्द बसू शकतात आणि ती भाषा जन्मापासून बोलणाराही अडखळतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत ख्रिस्टिन क्लाइन-ब्रॅली आणि उलरिश रात्झ यांनी त्यावर तोड काढली. पहिले वाक्य अख्खे ठेवायचे आणि मग प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळायचा. सुशिक्षित मूळभाषकाला अशा उताऱ्यात जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळावेत, ही त्यांची अपेक्षा होती. यामागचा विचार साधा आहे. कोणत्याही भाषेत अर्थ एकाच शब्दावर टांगलेला नसतो; क्रियापद कर्त्याची खूण देते, पुढचे वाक्य मागच्याचा खुलासा करते. भाषा ज्याच्या अंगात मुरली आहे, तो या खुणांवरून गाळलेला भाग भरून काढतो. आजचा ऑनलाइन प्रश्न याच घराण्यातला आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. चार अक्षरांचा शब्द आहे, त्यातली ‘टी’ आणि ‘एच’ एवढीच दिसतात. इथे ‘दिस’ बसतो, ‘दॅट’ बसतो, ‘दे’, ‘देम’ आणि ‘देन’ही बसतात. यादी पाठ असणाऱ्याला हे सगळे शब्द येतात, पण निवड करता येत नाही. आता मागचे वाक्य बंदरात आलेल्या जहाजांविषयी आहे आणि रिकाम्या जागेपुढे ‘कॅरी राइस’ असे शब्द आहेत, असे समजा. क्रियापदाला शेवटी ‘एस’ नाही, म्हणजे कर्ता अनेकवचनी. बोलणे जहाजांचे चालले आहे. म्हणजे ‘दे’च हवा. तिथे ‘कॅरीज’ असते तर ‘दे’ बाद झाला असता. दोन अक्षरांसाठी आधीचे वाक्य आणि पुढचे क्रियापद दोन्ही वाचावे लागले. मराठी माणसाची खरी अडचण अशाच किरकोळ शब्दांत असते. आपल्याकडे ‘द’ किंवा ‘अ’सारखी उपपदे नाहीत, आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या पाठीमागे लागतात. त्यामुळे लांबलचक शब्द ओळखणारा मुलगाही ‘ऑफ’, ‘ऑन’ आणि ‘ऑर’ यांत चुकू शकतो, कारण तिन्हींचे पहिले अक्षर ‘ओ’च.

यावर कोणी म्हणेल, परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे, आता वाचनाची सवय कुठून लावायची? आक्षेप रास्त आहे. प्रश्नाचे रूप, पडद्यावरची वेळ, अक्षरे टंकण्याची सवय यांसाठी काही संच जरूर सोडवावेत. पण तो फायदा लवकर संपतो. ही परीक्षा उमेदवाराच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न सोपे-कठीण करत जाते, त्यामुळे पाठ केलेला उतारा समोर येईल या भरवशावर राहणे धोक्याचे. दुसरा आक्षेप असा की आयुष्यात कोणी गाळलेली अक्षरे भरत बसत नाही, मग यातून इंग्रजी काय कळणार? एकट्या या प्रश्नातून सगळे कळत नाही, हे खरेच. माणूस कसा बोलतो, मुद्दा कसा मांडतो हे त्यातून दिसत नाही, म्हणून परीक्षेत बोलण्या-लिहिण्याचे वेगळे प्रश्न असतात. मात्र गोंगाटात अर्धवट ऐकू आलेली सूचना समजून घेताना आपण हेच करतो: मिळालेल्या खुणांवरून उरलेले जुळवतो. कसब खरे आहे, फक्त परीक्षेने ते कागदी रूपात मांडले आहे.

मग सराव कसा करावा? ‘गल्फ न्यूज’ किंवा ‘खलीज टाइम्स’मधला आठ-दहा ओळींचा परिच्छेद घ्यावा. पहिले वाक्य तसेच ठेवून पुढे एकाआड एक शब्दाचा उत्तरार्ध घरातल्या कोणीतरी खोडावा. मुलाने आधी उतारा शेवटपर्यंत वाचावा, मगच अक्षरे भरावीत. खरे काम त्यानंतरचे. प्रत्येक चूक तपासून ती स्पेलिंगची, व्याकरणाची की अर्थ न लागल्याची, हे वहीत लिहावे. स्पेलिंगची चूक लिहून सुटते, व्याकरणाची नियम समजून. अर्थाच्या चुकीला मात्र अधिक वाचन हाच उपाय आहे. आठवडाभरात वहीच सांगते की मेहनत कुठे लावायची. नुसते गुण मोजून हे कधीच कळत नाही.

याला पैसे लागत नाहीत, वर्गही लागत नाही; त्यामुळे मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या मुलांचेही काही अडत नाही. शिवाय परीक्षेनंतर हा मुलगा विद्यापीठात जाईल तेव्हा समोर जाडजूड इंग्रजी पुस्तके असतील. घोकलेली यादी तिथे पुरणार नाही. वाक्यातल्या खुणा धरून वाचण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून कामी येईल. पालकांनी मुलाकडून सराव करून घ्यायचा तर याच सवयीचा करून घ्यावा.