चक्रीभुंग्याच्या दोन खापा

सोयाबीन महिन्याचं झालं की लातूर-वाशीमकडचा जाणता शेतकरी तासातून चालताना देठांकडे बघत जातो. हिरव्या रानात एखादं तीन पानांचं देठ मान टाकून लोंबकळताना दिसलं, की समजायचं, चक्रीभुंगा आला.

असं एक देठ मी आबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात हातात घेऊन पाहिलं. नखाने कोरल्यासारख्या दोन गोल खापा, एकमेकींपासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर. खालच्या खापेलगत बारीक छिद्रं आणि त्यातल्या एकाच्या आत पिवळसर, लांबुळकं अंडं. खापांमुळे वरच्या भागाचा रस तुटतो आणि तो सुकतो. हे कोरीवकाम करणारी मादी जेमतेम सेंटीमीटरभर लांब असते.

अंडं उबलं की अळी देठाच्या आतच पोखरत खोडात उतरते. एकदा ती खोडात शिरली, की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. पुढे पूर्ण वाढलेली अळी खोड आतून कापते आणि शेंगा धरलेली झाडं वीतभर उंचीवर मोडून पडतात. तेव्हा पंप खांद्याला लावण्यात काही अर्थ नसतो.

"आबा, मग फवारणी कधी?" मी विचारलं.

"आधी खुडून घ्यायचं. खालच्या खापेच्या खालून मोडा बरं का. वरून तोडलं तर अळी राहती आतच." खुडलेली देठं ते बांधावर टाकत नव्हते, पोत्यात भरत होते, नंतर ती नष्ट करायची.

खुडूनही प्रादुर्भाव वाढत राहिला तर औषध. थायक्लोप्रिड 21.7 एससी हेक्टरी 750 मिली किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी 150 मिली, दोन्हींपैकी एकच, आणि पाणी 500 लिटर. पाण्यात हात आखडला की नुसते शेंडे भिजतात, देठ-खोड कोरडंच राहतं. त्याच पंपात टॉनिक, विद्राव्य खत, बुरशीनाशक असं सगळं ओतायला सांगणाऱ्या दुकानदारांचा मला मनापासून राग येतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते अजून विसरण्याइतकं जुनं झालेलं नाही.

फवारणीच्या दिवशी आबांनी तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. दहाच्या सुमारास वारा वाढला, तसा त्यांनी पंप उतरवला. राहिलेली तासं दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची ठरली.