संलग्नित महाविद्यालयातील शैक्षणिक कार्यक्रमांचा गुणवत्ता आढावा

शैक्षणिक कार्यक्रमांचा गुणवत्ता आढावा म्हणजे महाविद्यालयाने आपल्या पदवी व पदव्युत्तर कार्यक्रमांचे अध्यापन, मूल्यमापन, निकाल आणि विद्यार्थ्यांची पुढील वाटचाल ठरावीक कालावधीने तपासण्याची व त्यानुसार बदल करण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हा आढावा तीन पातळ्यांवर होतो: विभागात दर सत्राला, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षामार्फत दर वर्षाला आणि राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेकडून, म्हणजेच 'नॅक'कडून, सर्वसाधारणपणे दर पाच वर्षांनी. बारामती तालुक्यातील सोमेश्वरनगर येथील मुगुटराव साहेबराव काकडे महाविद्यालय किंवा इंदापूर येथील कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय यांसारख्या ग्रामीण भागातील संलग्नित महाविद्यालयांत या प्रक्रियेला एक विशेष मर्यादा असते. जो पाठ्यक्रम तेथे शिकवला जातो तो महाविद्यालयाने तयार केलेला नसतो.

संज्ञा

मराठीत 'अभ्यासक्रम' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. ही संपूर्ण पदवी, त्या पदवीतील एखादा विषय किंवा प्रश्नपत्रिका, आणि त्या विषयाच्या घटकांची यादी, या तिन्हींना 'अभ्यासक्रम' असेच म्हणतात. आढाव्याच्या कागदपत्रांत मात्र पूर्ण पदवीला 'कार्यक्रम', त्यातील एका विषयाला 'अभ्यासक्रम' आणि घटकांच्या यादीला 'पाठ्यक्रम' असा भेद करावा लागतो. हा भेद न पाळल्यास एका प्रश्नपत्रिकेचा निकाल संपूर्ण पदवीचा म्हणून नोंदवला जाण्याची शक्यता असते. प्रस्तुत लेखात या संज्ञा वरील अर्थानेच वापरल्या आहेत.

पार्श्वभूमी

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणसंस्थांच्या मूल्यांकनाची कल्पना मांडण्यात आली. तिला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये नॅक ही स्वायत्त संस्था स्थापन केली. तिचे मुख्यालय बंगळूर येथे आहे. प्रारंभी मूल्यांकन ऐच्छिक होते. २०१२ च्या विनियमांद्वारे आयोगाने ते बंधनकारक केले. मूल्यांकन झालेल्या संस्थांच्या संख्येत महाराष्ट्र दीर्घकाळ देशात आघाडीवर राहिला आहे.

सोमेश्वरनगर हे श्री सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव असून करंजे येथील सोमेश्वर देवस्थानावरून त्याला हे नाव मिळाले. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात शाळा व महाविद्यालये उभी राहणे हा पश्चिम महाराष्ट्रातील सहकाराच्या इतिहासाचा एक ठळक भाग आहे. अशा महाविद्यालयांत घरातून प्रथमच पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे असते. जवळच पर्यायी महाविद्यालय नसल्याने, विशेषतः मुलींच्या बाबतीत, एखादा कार्यक्रम बंद पडणे म्हणजे अनेकदा त्या विषयाचे शिक्षणच थांबणे ठरते. कार्यक्रम चालू ठेवावा की नाही, हा प्रश्न त्यामुळे येथे केवळ प्रशासकीय राहत नाही.

विद्यापीठ व महाविद्यालय यांतील विभागणी

पुणे जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला सध्याचे नाव २०१४ मध्ये मिळाले. पाठ्यक्रमाचा मसुदा विद्यापीठाचे त्या त्या विषयाचे अभ्यास मंडळ तयार करते, विद्याशाखा त्यावर विचार करते आणि विद्या परिषद त्यास मान्यता देते. महाविद्यालयातील एखादा प्राध्यापक अभ्यास मंडळावर असल्यास तेवढ्यापुरता त्याचा या कामात सहभाग असतो. महाविद्यालयाचा म्हणून नसतो.

उरते ते अध्यापन. कोणता घटक कोणत्या आठवड्यात शिकवायचा, कोणत्या विद्यार्थ्यांना सेतू वर्ग लागतील, प्रात्यक्षिके किती गटांत घ्यायची, अंतर्गत परीक्षा कशी घ्यायची, ग्रंथालयात कोणती पुस्तके किती प्रतींत हवीत, हे महाविद्यालयाच्या हाती असते. नॅकच्या निकषांतही हा फरक मान्य केलेला दिसतो. २०१७ पासूनच्या आराखड्यात एकूण १००० गुणांपैकी 'अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन' या निकषाला संलग्नित महाविद्यालयांसाठी ३५० गुण आहेत, तर 'अभ्यासक्रमविषयक बाबी'ना केवळ १००. स्वायत्त महाविद्यालयांसाठी हेच आकडे अनुक्रमे ३०० आणि १५० असे आहेत.

विभागीय आढावा

सत्राच्या आरंभी प्रत्येक शिक्षक अध्यापन नियोजन सादर करतो आणि दैनंदिनीत प्रत्यक्ष झालेल्या तासांची नोंद ठेवतो. सत्र संपल्यावर दोन्हींची तुलना होते. निकाल लागल्यानंतर विभाग निकाल विश्लेषण तयार करतो. या विश्लेषणात दोन ठिकाणी दिशाभूल होऊ शकते, आणि चांगल्या आढाव्याचा कस तेथेच लागतो.

पहिले ठिकाण निकालाच्या टक्केवारीच्या छेदाचे. समजा, एखाद्या कार्यक्रमाच्या प्रथम वर्षास ८० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, तीन वर्षांनी ४८ विद्यार्थी अंतिम परीक्षेस बसले आणि ४२ उत्तीर्ण झाले. परीक्षेस बसलेल्यांच्या तुलनेत निकाल ८७.५ टक्के लागतो. प्रवेश घेतलेल्यांच्या तुलनेत तो ५२.५ टक्के भरतो. सूचनाफलकावर पहिला आकडा लागतो. वाटेत गळालेले ३२ विद्यार्थी कोठे गेले, याचे उत्तर मात्र दुसरा आकडा मांडल्याशिवाय कोणी शोधत नाही. पोलीस किंवा सैन्य भरती, औद्योगिक वसाहतीतील नोकरी, मुलींचे लग्न, एस.टी.च्या वेळा न जुळणे आणि द्वितीय वर्षात न सुटलेले विषय अशी कारणे ग्रामीण महाविद्यालयांत आढळतात. त्यांपैकी शेवटच्या कारणावर विभागाला थेट उपाय करता येतो. बसच्या वेळांचा प्रश्न वेळापत्रक बदलून किंवा आगाराशी पत्रव्यवहार करून काही अंशी सोडवता येतो.

दुसरे ठिकाण अंतर्गत व विद्यापीठीय गुणांतील तफावतीचे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या श्रेयांक पद्धतीत अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार दिलेला होता. प्रत्येक अभ्यासक्रमाची निष्पत्ती, म्हणजे तो पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे याचे विधान, कितपत साध्य झाली हे याच भाराने मोजण्याची पद्धत रूढ आहे. उदाहरणार्थ, निम्म्याहून अधिक गुण मिळवणारे विद्यार्थी ७० टक्के किंवा जास्त असल्यास पातळी ३, ६० ते ७० टक्क्यांदरम्यान असल्यास पातळी २ आणि ५० ते ६० टक्क्यांदरम्यान असल्यास पातळी १, असे विभागाने ठरवले. ५० जणांच्या वर्गात अंतर्गत परीक्षेत ४५ जणांनी व सत्रान्त परीक्षेत ३१ जणांनी निम्म्याहून अधिक गुण मिळवले, तर पातळ्या अनुक्रमे ३ आणि २ येतात व एकत्रित साध्यता २.३ निघते. अहवालात हा आकडा समाधानकारक दिसतो. परंतु ९० टक्के आणि ६२ टक्के यांतील अंतर त्यात लपते. अंतर्गत परीक्षा सौम्य घेतली गेली का, की शेवटचे घटक घाईने उरकले गेले, हे त्या अंतरावरून विचारता येते. एकत्रित सरासरी काढून थांबणाऱ्या विभागाला हा प्रश्न पडतच नाही.

अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष

नॅकच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक अधिस्वीकृत संस्थेत हा कक्ष असावा लागतो. महाविद्यालयांत तो 'आयक्यूएसी' या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. प्राचार्य त्याचे अध्यक्ष असतात. शिक्षक, व्यवस्थापन, प्रशासकीय कर्मचारी, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, स्थानिक समाज आणि उद्योगक्षेत्र यांचे प्रतिनिधी सदस्य असतात. रोजचे काम एक समन्वयक पाहतो. दर तिमाहीस किमान एक बैठक आणि दोन तृतीयांश गणपूर्ती अपेक्षित असते. बैठकीच्या इतिवृत्तासोबत कार्यवाही अहवाल जोडावा लागतो. वर्षाअखेर कक्ष वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल तयार करून नॅकच्या संकेतस्थळावर सादर करतो.

विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी व नोकरी देणाऱ्या संस्था यांच्याकडून अभिप्राय घेणे हे कक्षाचे ठरलेले काम आहे. अर्ज भरून घेणे सोपे असते. त्यांचे पृथक्करण करणे, ते महाविद्यालय विकास समितीसमोर ठेवणे आणि पुढील वर्षी काय बदलले ते नोंदवणे, ही साखळी पूर्ण झाली तरच अभिप्रायाला अर्थ राहतो. पाठ्यक्रमासंबंधीच्या सूचनांवर महाविद्यालयाला स्वतः निर्णय घेता येत नाही. त्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे पाठवाव्या लागतात. अनेक महाविद्यालयांच्या अहवालांत ही पायरी एका वाक्यात आटोपलेली दिसते.

स्वतःचा पाठ्यक्रम आखण्याची थोडी मोकळीक महाविद्यालयाला पूरक प्रमाणपत्र अभ्यासक्रमांत मिळते. नॅकच्या निकषांनुसार त्यांचा कालावधी किमान ३० तासांचा असावा लागतो. ऊस व दूध या दोन उत्पादनांवर उभ्या असलेल्या नीरा खोऱ्यात माती व पाणी परीक्षण, दुग्धपदार्थांचे विश्लेषण किंवा सहकारी संस्थांचे लेखे असे विषय परिसराशी जुळणारे ठरतात. असे अभ्यासक्रम केवळ संख्या भरण्यासाठी सुरू झाले की काय, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्यांची दुसऱ्या वर्षीची प्रवेशसंख्या.

कायदेशीर चौकट

१ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. व्यवस्थापनाचे पदाधिकारी, निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी, स्थानिक सदस्य, गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी तिच्यावर असतात. प्राचार्य सदस्य-सचिव असतात. वर्षातून किमान चार बैठका बंधनकारक आहेत. आढाव्यातील निष्कर्षाला पैसा व मनुष्यबळ मिळण्याचा मार्ग या समितीतून जातो. विद्यापीठ आपल्या बाजूने चौकशी समित्या पाठवून संलग्नतेच्या अटी तपासते, परंतु तिचा भर शिक्षकसंख्या, वर्गखोल्या व ग्रंथालय यांवर असतो. अध्यापनाचा दर्जा तिला थोड्या वेळात पारखता येत नाही.

नॅक मूल्यांकन

महाविद्यालय सात निकषांवर आधारित स्वयं-अध्ययन अहवाल सादर करते. त्यातील सुमारे ७० टक्के मूल्यमापन संख्यात्मक माहितीवर होते व ती माहिती बाहेरून पडताळली जाते. उर्वरित गुणात्मक भागासाठी तज्ज्ञ समिती, म्हणजे 'पीअर टीम', महाविद्यालयाला भेट देते. विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षण नॅक स्वतंत्रपणे करते. चारपैकी ३.५१ किंवा अधिक सरासरी श्रेणीबिंदू मिळाल्यास ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० साठी ए प्लस, ३.०१ ते ३.२५ साठी ए अशी श्रेणी मिळते, १.५० किंवा त्याहून कमी असल्यास अधिस्वीकृती मिळत नाही.

ही श्रेणी संस्थेला मिळते, कार्यक्रमाला नाही. एखाद्या महाविद्यालयाची ए श्रेणी पाहून तेथील भौतिकशास्त्र विभागाविषयी काहीच सांगता येत नाही. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक शिक्षणात राष्ट्रीय मानांकन मंडळ प्रत्येक शाखेचे स्वतंत्र मानांकन करते. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांसाठी तशी व्यवस्था रूढ नसल्याने तेथे विभागीय आढाव्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही.

स्वायत्त महाविद्यालयांशी तुलना

सोमेश्वरनगरच्याच तालुक्यात, बारामती शहरात, १९६२ मध्ये स्थापन झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आता स्वायत्त आहे. स्वायत्त महाविद्यालयात विषयनिहाय स्वतःचे अभ्यास मंडळ असते आणि त्यावर कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेला तज्ज्ञ, बाहेरील विषयतज्ज्ञ, उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी व माजी विद्यार्थी यांना स्थान असते. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावरून एखादा घटक बदलायचा झाल्यास तो प्रस्ताव महाविद्यालयाच्याच विद्या परिषदेपर्यंत जातो. मात्र प्रश्नपत्रिका काढणे व तपासणेही महाविद्यालयाकडेच असल्याने बाहेरच्या परीक्षेशी ताडून पाहण्याची सोय कमी होते. संलग्नित महाविद्यालयाला विद्यापीठीय परीक्षेच्या रूपाने ती आपोआप मिळते.

अडचणी व टीका

मंजूर पदे रिक्त राहिल्याने अनेक विभाग तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालतात. दरवर्षी शिक्षक बदलत असतील तर मागील वर्षीच्या निष्कर्षावर कार्यवाही कोणी करायची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. शिक्षकाची पदे कार्यभारावर आणि कार्यभार विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असल्याने, कमी प्रवेशाच्या कार्यक्रमाविषयी मोकळेपणाने लिहिणे हे विभागाच्या स्वतःच्याच हिताविरुद्ध जाते. परिणामी आढाव्यात सर्वात प्रामाणिकपणा जेथे हवा, तेथेच भाषा मोघम होते. कागदपत्रे जमवण्यात अध्यापनाचा वेळ जातो, ही शिक्षकांची तक्रारही जुनी आहे. छायाचित्रे, हजेरीपत्रके आणि अहवाल यांची मागणी पाहता ती निराधार म्हणता येत नाही.

बाह्य मूल्यांकनाच्या विश्वासार्हतेवरही प्रश्न उपस्थित झाले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनुकूल श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या एका तपासणी समितीतील सदस्यांना अटक केली.

बदलती पद्धती

जानेवारी २०२४ मध्ये नॅकने के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींनुसार श्रेणीपद्धती सोडून दोन टप्प्यांची पद्धती स्वीकारण्याचे जाहीर केले. पहिल्या टप्प्यात संस्था अधिस्वीकृत, अधिस्वीकृतीच्या उंबरठ्यावर किंवा अधिस्वीकृत नाही, एवढेच ठरते. दुसऱ्या टप्प्यात तिला एक ते पाच पातळ्यांपर्यंत चढता येते. त्याच सुमारास, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, राज्यातील संलग्नित महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वर आधारित पदवी रचना लागू झाली. मुख्य व गौण विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली आणि कार्यानुभव यांचे श्रेयांक तीत समाविष्ट आहेत. पर्याय वाढल्याने प्रत्येक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांचे गट लहान होतात आणि लहान गटाच्या निकालाची टक्केवारी एका-दोघांच्या यशापयशानेही बरीच हलते. दहा जणांच्या गटात एक विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्यास निकाल दहा टक्क्यांनी घसरतो. अशा ठिकाणी एका वर्षाऐवजी सलग तीन वर्षांचे निकाल एकत्र मांडणे आणि टक्केवारीसोबत विद्यार्थिसंख्या नोंदवणे आवश्यक ठरते.