दप्तरखान्यातला रक्तपिपासू प्रियकर

मेल्यावरही थडग्यात न कुजता, रात्री उठून जिवंतांचे रक्त पिणाऱ्या प्रेताला, म्हणजेच व्हॅम्पायरला, प्रियकर कल्पून इंग्रजीत उदंड कादंबऱ्या लिहिल्या गेल्या असल्या, तरी त्यांतली एक शाखा ग्रंथालयात आणि जुन्या हस्तलिखितांच्या सहवासात वाढलेली आहे. तिचे ठळक उदाहरण म्हणजे डेबोरा हार्कनेस यांची २०११ साली प्रसिद्ध झालेली ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’ ही कादंबरी. हार्कनेस या मुळात विज्ञानाच्या इतिहासकार असून, सोळाव्या शतकातील इंग्रज गणिती आणि गूढविद्येचा उपासक जॉन डी याच्यावरील त्यांचा ग्रंथ कादंबरीच्या बराच आधी, १९९९ साली, प्रकाशित झाला होता. त्यांची नायिका डायना बिशप ही जन्माने चेटकीण आणि पेशाने किमयाविद्येच्या, म्हणजे हलक्या धातूंचे सोने करू पाहणाऱ्या जुन्या विद्येच्या, इतिहासाची अभ्यासक आहे. नायक मॅथ्यू क्लेअरमाँट हा दीड हजार वर्षांचा व्हॅम्पायर आहे आणि दोघांची गाठ पडते ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात.

व्हॅम्पायरला ग्रंथालयात आणणे ही लेखिकेची लहर वाटू शकते. परंतु पश्चिम युरोपला हा प्राणी मुळात सरकारी कागदपत्रांतूनच माहीत झाला. १७१८च्या तहाने उत्तर सर्बियाचा प्रदेश तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग सम्राटाकडे आला, तेव्हा तेथील गावकरी संशयित प्रेते उकरून जाळतात, असे नव्या अंमलदारांच्या निदर्शनास आले. मेदवेजा या गावी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेलेला आर्नोल्ड पाओले आणि त्याच्यामागून झालेले अनेक मृत्यू यांची चौकशी करण्यासाठी लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्युकिंगर याला पाठवण्यात आले. जानेवारी १७३२मध्ये त्याने सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी जो अहवाल दिला, त्यात एकेक थडगे उघडून मृताचे वय, पुरल्यापासून गेलेला काळ, छातीत आढळलेले पातळ रक्त, गळून पडलेल्या नखांच्या जागी दिसणारी नवी नखे अशा नोंदी पंचनाम्याच्या कोरड्या भाषेत केलेल्या आहेत. न कुजलेल्या प्रेतांची मुंडकी उडवून ती जाळली आणि राख मोरावा नदीत टाकली, हेही त्यात तितक्याच निर्विकारपणे नमूद आहे. थंडीत पुरलेले प्रेत सावकाश कुजते, वायू साठल्याने ते फुगते आणि काळपट द्रव तोंडावाटे बाहेर येतो, असे या लक्षणांचे स्पष्टीकरण पॉल बार्बर यांनी १९८८ साली आपल्या ग्रंथात दिले. अहवालाच्या काळात मात्र तो छापला जाताच जर्मनभाषी विद्वानांत वादांचा धुरळा उडाला आणि अखेर सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने आपला वैद्य व्हान स्वीटेन याचे मत घेऊन १७५५ साली प्रेते उकरण्यावर बंदी घातली.

या कागदांतला व्हॅम्पायर म्हणजे फुगलेला, लालसर चेहऱ्याचा खेडूत. त्याच्यावर प्रेम करण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला सरदारी वेष चढला तो एका प्रेमभंगामुळे. लेडी कॅरोलाइन लॅम हिने आपला पूर्वीचा प्रियकर लॉर्ड बायरन याच्यावर सूड उगवण्यासाठी १८१६ साली ‘ग्लेनारव्हन’ ही कादंबरी लिहिली आणि तीत त्याला रुथव्हन या घराण्याचे नाव दिले. बायरनचा खाजगी वैद्य जॉन पोलिडोरी याने तेच नाव उचलून आपल्या ‘द व्हॅम्पायर’ या कथेच्या खलनायकाला दिले, आणि १८१९ साली ती कथा चक्क बायरनच्याच नावावर छापली गेली. फिकट, उच्चकुलीन, स्त्रियांना भुरळ घालून त्यांचा नाश करणारा हा पुरुष पुढच्या दोनशे वर्षांच्या नायकांचा पूर्वज ठरला. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ने (१८९७) त्याला पुन्हा कागदांत आणून बसवले, कारण ती कादंबरी आद्यंत रोजनिशा, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांच्या कात्रणांनी रचलेली आहे.

हार्कनेस यांचे कौशल्य दिसते ते इतिहासातली खरी भगदाडे हेरण्यात. डायना मागवते ते ‘अ‍ॅशमोल ७८२’ हे हस्तलिखित काल्पनिक नाही. सतराव्या शतकातील संग्राहक इलायस अ‍ॅशमोल याच्या संग्रहाच्या सूचीत त्याची नोंद आहे, पण हस्तलिखित स्वतः बेपत्ता आहे. १५९० सालच्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या ‘शॅडो ऑफ नाइट’ (२०१२) या दुसऱ्या भागात तर मॅथ्यू हाच मॅथ्यू रॉयडन असल्याचे उघड होते. रॉयडन हा नाटककार मार्लोच्या वर्तुळातला खरा कवी असून त्याच्या आयुष्याविषयी इतकी तुटपुंजी माहिती उरली आहे, की तो वस्तुतः अमर होता असे म्हटल्यास त्याला खोडून काढणारा कागद सापडणे कठीण. पुराव्याला कुठेही धक्का न लावता पुराव्याच्या अभावात शिरण्याची ही युक्ती इतिहासकारालाच सुचावी अशी आहे.

वाचकाला यात काय मिळते, याचा एक धागा जॅनिस रॅडवे यांच्या ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासात सापडतो. अमेरिकेतल्या एका गावात प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांशी त्यांनी बोलणे केले, तेव्हा या वाचनातून परक्या देशांची आणि गतकाळाची माहिती मिळते, असे समर्थन त्या स्त्रियांनी वारंवार दिले; घरकामातून काढलेला वेळ वाया जात नाही, हे घरच्यांना आणि स्वतःलाही पटवण्याची ती एक रीत होती. अभ्यासपूर्ण व्हॅम्पायरकथेत हे समर्थन कथेच्या गाभ्यातच येते, कारण येथे भूतकाळाचे ज्ञान आणि प्रियकर या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. ज्या काळाविषयी डायना वर्षानुवर्षे जीर्ण कागदांतून तर्क करत आली, त्या काळात वावरलेला पुरुष तिच्यासमोर बसतो, आणि त्याच्याशी बोलणे हे जितके प्रणयाराधन तितकेच संशोधन ठरते. एलिझाबेथ कोस्टोव्हा यांच्या ‘द हिस्टोरियन’ (२००५) या कादंबरीत हेच आकर्षण उलट्या बाजूने दिसते. तेथील ड्रॅक्युला आपल्या अफाट ग्रंथसंग्रहाची सूची करण्यासाठी एका प्राध्यापकाला पळवून नेतो, आणि अशी सक्तीची नेमणूक कित्येक अभ्यासकांनी मनोमन स्वीकारली असती, असा संशय घेण्यास जागा आहे.

या प्रकाराच्या मर्यादाही उघड आहेत. शतकानुशतके जगलेला नायक हटकून थोरामोठ्यांचा मित्र निघतो, कुठल्या तरी शेतकऱ्याचा शेजारी क्वचितच. शिवाय त्याचे वय, संपत्ती आणि अनुभव यांपुढे विदुषी नायिकाही अनेकदा रक्षण करून घेणारी ठरते, आणि मॅथ्यूचा मालकीहक्क गाजवणारा स्वभाव ‘व्हॅम्पायरची जात’ म्हणून खपवला जातो, ही तक्रार रास्त आहे. या बाबतीत चेल्सी क्विन यार्ब्रो यांनी हार्कनेस यांच्या कितीतरी आधी अधिक विचार केलेला दिसतो. आपले वय शेकडो वर्षांचे असल्याची वदंता पसरू देणारा आणि १७८४ साली मरण पावलेला काउंट सेंट-जर्मेन ही अठराव्या शतकातली खरी व्यक्ती. तिलाच नायक करून यार्ब्रो यांनी १९७८ साली ‘होटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ लिहिली. १७४३च्या पॅरिसमध्ये घडणाऱ्या या कादंबरीत सेंट-जर्मेन स्त्रीच्या संमतीवाचून तिला स्पर्श करत नाही आणि भय निर्माण करतात ते सैतानाच्या उपासनेसाठी तरुणीचा बळी द्यायला निघालेले, हाडामांसाचे फ्रेंच उमराव. पुढे हाच नायक नीरोच्या रोममध्ये आणि प्रबोधनकालीन फ्लॉरेन्समध्येही वावरला आणि यार्ब्रो यांनी त्याच्यावर वीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.