नोटपॅडमधली कादंबरी

‘माझ्या आयुष्यावर एक कादंबरी होईल!’ हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी जणींनी कधी ना कधी म्हटलेलं असतं. हळदीकुंकवाला, भिशीच्या दिवशी, नाहीतर एसटीत शेजारी बसलेल्या बाईशी बोलताना. म्हणणाऱ्या पुष्कळ, लिहिणाऱ्या थोड्या. काही जणी हौसेने सुरुवात करतातही. वहीची वीस-पंचवीस पानं भरतात. मग घरात लग्न निघतं, मुलांच्या परीक्षा येतात, सासूबाईंचं आजारपण निघतं आणि वही कपाटात जाते. दोन वर्षांनी ती हाती लागते, तेव्हा नायिकेच्या नणंदेचं नाव काय ठेवलं होतं तेही आठवत नाही!

म्हणजे गोष्ट नसते म्हणून कादंबरी अडते असं नाही. ती अडते दोन ठिकाणी. एक म्हणजे वेळ तुकड्या-तुकड्यांनी मिळतो आणि दुसरं म्हणजे कागदांचा पसारा आवरेनासा होतो. सलग वेळ कुणी ताटात वाढून देणार नाही. पण पसारा आवरता येतो आणि त्यासाठी लागणारं साधन घरातल्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असतं. मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतलेल्या जुन्या मशीनवरही ते चालतं आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. ते म्हणजे विंडोजमधलं नोटपॅड, म्हणजेच साधा मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर.

‘एवढ्याशा नोटपॅडवर कुठे कादंबरी होते?’ असं वाटेल. पण कादंबरीला साधन मोठं लागतं असं कुठे आहे? इंग्लंडमधल्या चॉटन गावी १८०९ ते १८१७ या काळात राहिलेली जेन ऑस्टेन घरातल्या बैठकीच्या खोलीतच लिहीत असे. तिच्या भाच्याने पुढे लिहिलेल्या चरित्रात म्हटलंय, की ती कागदाच्या लहान-लहान तुकड्यांवर लिही. कुणी आलं की ते पटकन बाजूला सरकवता यायचे किंवा टीपकागदाखाली झाकता यायचे. खोलीचं दार उघडताना करकरायचं, ते तिने दुरुस्त करू दिलं नाही, कारण माणूस येतंय याची वर्दी त्यातून मिळे. ‘एमा’सारखी कादंबरी तिने याच घरात लिहिली. घरकाम, पाहुणे आणि लेखन एकाच खोलीत! आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

नोटपॅडच्या फाइलचंही तसंच आहे. ती लहान, हलकी आणि झटकन उघडणारी. तिच्यात फक्त अक्षरं साठवली जातात. अक्षरांचा रंग, ठळकपणा, चित्रं, चौकटी असलं काहीही नसतं. वरवर हा दोष वाटतो, पण खरा फायदा यातच आहे. मथळा लाल करू की निळा, यात लिहायची वीस मिनिटं जात नाहीत. आणि दुसरं, त्याहून महत्त्वाचं, म्हणजे ही फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि साध्याशा अ‍ॅपने मोबाइलवरही उघडते.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी ही गोष्ट लाखमोलाची आहे. पूर्वी मराठी टाइप करायचं म्हणजे अमुक एक फाँट लागायचा. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फाँट गेला की आख्खा मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसे! युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी मजकूर शाबूत राहतो. फक्त एक काळजी घ्यायची. विंडोज जुनं असेल, तर फाइल सेव्ह करताना खाली ‘एन्कोडिंग’ असं लिहिलेलं असतं, तिथे ‘यूटीएफ-८’ निवडा. नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. विंडोज १० मध्ये २०१९ पासून नोटपॅड आपणहूनच यूटीएफ-८ घेतं.

आता मांडणीकडे वळू. कॉम्प्युटरवर कादंबरीच्या नावाचा एक फोल्डर करा. प्रत्येक प्रसंगाची फाइल वेगळी ठेवा. सगळी कादंबरी एकाच लांबलचक फाइलमध्ये कोंबू नका. फाइलच्या नावाआधी क्रमांक द्या, पण १, २, ३ असा नको. १०, २०, ३० असा द्या. ‘१० एसटी स्टँड’, ‘२० साखरपुडा’, ‘३० आत्याचं पत्र’. पुढे कधी वाटलं, की साखरपुड्याआधी आणखी एक प्रसंग हवा, तर ‘१५’ रिकामाच आहे. प्रसंग मागे-पुढे करायचा असेल तर नुसता क्रमांक बदलायचा. क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाकलेत, की फाइली आपोआप ओळीने उभ्या राहतात. शिवाय एका प्रसंगाला एक फाइल असली, की दुपारच्या पाऊण तासातही काहीतरी पुरं झाल्याचं समाधान मिळतं.

याच फोल्डरमध्ये तीन मदतनीस फाइली असू द्या. पहिली ‘पात्रं’. प्रत्येकाचं नाव, वय, नातं, एखादी लकब. नणंदेचं नाव विसरायला नको! दुसरी ‘सनावळी’. कोणत्या साली काय घडलं, याची यादी. समजा नायिका १९७२ च्या दुष्काळात जन्मली. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ती एकवीस वर्षांची. तिचा मुलगा त्या वेळी दहावीत दाखवून कसं चालेल? असल्या चुका वाचकाला लगेच खटकतात. तिसरी फाइल ‘कातरण’. लिहिलेलं पण नको झालेलं पुसून न टाकता इथे आणून टाकायचं. शिवणकाम करणाऱ्या बाईला चिंध्यांची किंमत ठाऊक असते. गोधडीला कुठला तुकडा उपयोगी पडेल, काय सांगावं!

आता एक युक्ती पाहू. व्हर्नर विंजी नावाचे अमेरिकन विज्ञान-कादंबरीकार होते. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. ते सॅन दिएगोच्या विद्यापीठात गणित आणि संगणकशास्त्र शिकवत. त्यांची ‘अ फायर अपॉन द डीप’ ही कादंबरी १९९२ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिचं कथानक अनेक ग्रहांवर पसरलेलं आहे. एवढा पसारा सांभाळायला विंजी स्वतःसाठीची टिपणं वेगळ्या वहीत न ठेवता मजकुरातच, पण विशिष्ट खूण करून लिहीत. खुणेमुळे ती कॉम्प्युटरवर चटकन शोधता येत आणि छपाईआधी काढूनही टाकता येत. १९९३ मध्ये ही कादंबरी त्या टिपणांसकट सीडीवर प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचं स्वयंपाकघरच वाचकांना पाहायला मिळालं म्हणायचं!

हे आपल्यालाही सहज जमेल. लिहिता लिहिता काही अडलं, तर थांबू नका. नव्या ओळीवर ‘##’ अशी खूण करा आणि पुढे लिहा: ‘## इथे पाऊस दाखवलाय, आधीच्या प्रसंगात चैत्र आहे. बघणे.’ किंवा ‘## हुंडाबंदीचा कायदा कोणत्या सालचा? विचारणे.’ नंतर कंट्रोल आणि एफ ही बटणं एकदम दाबून ‘##’ शोधलं, की त्या फाइलमधली राहिलेली कामं एकेक करून समोर येतात. लिहिण्याची वेळ वेगळी, दुरुस्तीची वेळ वेगळी. अशी विभागणी केली की काम भराभर पुढे सरकतं.

पात्राचं नाव बदलायचं झालं तर कंट्रोल आणि एच दाबून ते सगळीकडे एकदम बदलता येतं. मात्र जरा जपून! ‘राम’च्या जागी ‘मोहन’ करायला जाल, तर ‘आराम’चं ‘आमोहन’ होईल आणि ‘ग्रामपंचायत’ची ‘ग्मोहनपंचायत’! म्हणून ‘सगळे बदला’ न म्हणता एकेक ठिकाण पाहून बदलावं.

नोटपॅडची आणखी एक गंमत पुष्कळ जणींना ठाऊक नसते. एफ-५ दाबलं, की त्या क्षणाची तारीख-वेळ मजकुरात उमटते. आणि ‘रोजनिशी’ नावाची फाइल करून तिच्या पहिल्या ओळीत आधी टिंब आणि लगेच इंग्रजी मोठ्या लिपीत ‘लॉग’ची तीन अक्षरं, एल-ओ-जी, लिहून ठेवलीत, तर ती फाइल उघडाल तेव्हा शेवटी तारीख-वेळ आपोआप पडते. जणू हजेरीपट! खाली एकच ओळ लिहायची: आज काय झालं, उद्या कुठून सुरू करायचं. मध्ये पंधरा दिवस खंड पडला तरी धागा लगेच सापडतो.

टायपिंगचा कंटाळा असेल तर मोबाइल आहेच. गूगलच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत २०१७ पासून मराठीही आहे. कुकर लावून झाला, की चार वाक्यं बोलून घ्यायची, रात्री ती योग्य फाइलमध्ये चिकटवायची. बोलीतले संवाद तर बोलूनच जास्त खरे उतरतात. फक्त शुद्धलेखन नंतर नजरेखालून घालायला हवं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, आपलं लिखाण जपा. साठ हजार शब्दांची मराठी कादंबरी साध्या मजकुरात साधारण एक एमबीच्या आसपास बसते. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही याहून मोठा असतो! म्हणून दर रविवारी आख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा आणि एक प्रत स्वतःलाच ई-मेल करा. कॉम्प्युटर बिघडला, वीज गेली, तरी वर्षाची मेहनत पाण्यात जायला नको. घरचा कॉम्प्युटर सगळे वापरतात आणि नोटपॅडच्या फाइलला कुलूप नसतं, हेही ध्यानात असू द्या. अजून कुणाला दाखवायचं नसेल तर फोल्डर फक्त पेन ड्राइव्हवरच ठेवा. मग मात्र असे दोन पेन ड्राइव्ह हवेत. काय लिहिलंय ते कधी आणि कुणाला दाखवायचं, हे लिहिणारीनेच ठरवायचं असतं.

साध्या मजकुराच्या मर्यादाही आहेत. पानांचे आकडे, तळटिपा, सजावट हे त्यात होत नाही. पण ही कामं शेवटची आहेत. कादंबरी पुरी झाली की फाइली क्रमाने वर्डमध्ये चिकटवायच्या, ‘##’च्या ओळी काढायच्या आणि प्रकाशकाला हवी तशी प्रत करून द्यायची. साडीला फॉल लावायची घाई आधीच कशाला?

हिशेब सोपा आहे. रोज दोनशे शब्द, म्हणजे वहीचं पान-दीड पान. वर्षातले तीनशे दिवस लिहिलं तरी साठ हजार शब्द होतात. उरलेले पासष्ट दिवस सणवार, लग्नकार्य आणि दुखण्याबाण्याला मोकळे! बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि एका नातलगाने लिहून ठेवल्या होत्या, म्हणून १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपात आपल्यापर्यंत पोचल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्याला येतं. लिहून ठेवायला आपल्याला दुसऱ्या कुणाची वाट पाहायची गरज नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारची आवराआवर झाली, की नवी फाइल उघडा. तिला ‘१०’ असा क्रमांक द्या आणि नायिका पहिल्यांदा कुठे उभी आहे, एवढंच दहा ओळींत लिहा. ‘२०’ उद्या.