नामिबिया: आधी राखण, मग शिकार

नामिबियाच्या वन्यजीव संवर्धनाचा विषय निघाला की वाद शिकारीच्या बाजूने किंवा विरोधात रंगतो. पण गेल्या चाळीसहून अधिक वर्षांतील घटनांचा क्रम लावला, तर दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटलेली गोष्ट हाती लागते. १९८०च्या सुमारास वायव्येकडील कुनेने भागात भीषण दुष्काळ पडला. हिंबा आणि हेरेरो पशुपालकांची बहुतांश गुरे दगावली, आणि त्याच काळात हत्ती व काळे गेंडे बेसुमार मारले गेले. देशावर दक्षिण आफ्रिकेची सत्ता होती. गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरील अनेक वन्यप्राण्यांवर कायद्याने हक्क होते. सामायिक जमिनीवर राहणाऱ्या कृष्णवर्णीयांना ते नव्हते. त्यांच्या वाट्याला उपद्रव तेवढा येई. अशा वेळी संवर्धक गार्थ ओवेन-स्मिथ यांनी जोशुआ कांगोंबे यांच्यासारख्या गावप्रमुखांच्या साथीने स्थानिक राखणदारांची योजना सुरू केली. माणसे प्रमुखांनी निवडली. मोबदला म्हणजे शिधा आणि थोडे पैसे. चोरटी शिकार ओसरू लागली. तेव्हा शिकारीच्या परवान्यांतून गावांना काहीही मिळत नव्हते. म्हणजे प्राणी टिकले ते प्रथम गावाने जबाबदारी घेतली म्हणून.

१९९०मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९९६च्या कायदादुरुस्तीने या जबाबदारीला हक्काची जोड दिली. हद्द ठरवा, सभासद नोंदवा, समिती निवडा, उत्पन्नाच्या वाटपाची योजना करा; मग तुमची ‘कॉन्झर्व्हन्सी’ (गावकऱ्यांचे सामुदायिक संवर्धन क्षेत्र) मान्य होईल. १९९८मध्ये पहिल्या चार स्थापन झाल्या. पुढे त्यांची संख्या ८६वर गेली आणि देशाची सुमारे २० टक्के भूमी त्यांच्याखाली आली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला साडेसात हजारांच्या आसपास असलेले देशातील हत्ती वीस हजारांपलीकडे गेले. मर्यादित कोट्यातील शिकार याच चौकटीत आली. तिचे शुल्क समितीकडे जाते, मांस गावात वाटले जाते. ७७ कॉन्झर्व्हन्सींचा २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की शिकार थांबवली, तर त्यांतील अनेकींना आपला खर्च भागवता येणार नाही.

हौसेखातर जीव घेणे अनैतिक आहे, हा आक्षेप गंभीर आहे. २०१४मध्ये एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना अमेरिकेत साडेतीन लाख डॉलरला लिलावात गेला, तेव्हा उठलेला संताप मला समजतो. पण शिकारबंदीची किंमत ती मागणाऱ्याला मोजावी लागत नाही; हत्तीने पाण्याची टाकी फोडलेल्या कुटुंबाला ती मोजावी लागते. दुसरा आक्षेप उत्पन्नाच्या असमान वाटपाचा आहे, आणि तो अनेक ठिकाणी खरा आहे. त्यावर उपाय हिशेब सभासदांसमोर उघडे ठेवणे हा आहे. हक्क काढून घेणे हा नव्हे. पर्यटन पुरेसे आहे, असेही म्हटले जाते. पण जिथे रस्ता नाही, निवास नाही, तिथे पर्यटक फिरकत नाही. आणि २०२०च्या कोविड साथीत पर्यटक व शिकारी दोघेही थांबले. परक्या पैशावरील अवलंबित्व ही या साऱ्या रचनेचीच दुबळी बाजू आहे.

सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात आले. त्यांच्याबरोबर हा अनुभवही यायला हवा होता. आपल्याकडे परदेशी शिकाऱ्यांना दारे उघडावीत, असा त्याचा अर्थ मी काढत नाही. भारतातील दाट वस्ती आणि १९७२चा वन्यजीव कायदा यांची पार्श्वभूमी वेगळी आहे. मात्र जंगलालगतच्या गावाला संरक्षणाच्या निर्णयात मत आणि लाभात वाटा असलाच पाहिजे. शिकार हे साधन परिस्थितीनुसार स्वीकारता किंवा नाकारता येते. पण गावाचा मत आणि वाट्याचा हक्क नाकारून दीर्घकाळ संवर्धन होत नाही.