परदेशातला तुरुंग आणि आपलं सरकार

आपला माणूस परदेशात पकडला गेला, तर दूतावासाने मनावर घेतलं की तो सुटतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. खटला त्या देशाच्या कायद्यानेच चालतो. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ आपल्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटण्याचा, वकिलाची सोय पाहण्याचा हक्क देतं. सोडवून नेण्याचा नाही.

हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलेले भारतीय नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने हीच भेट नाकारली आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. भारत हेगला गेला. ज्येष्ठ वकील हरीश साळवे भारताच्या बाजूने एक रुपया मानधनावर लढले. १७ जुलै २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला दोषी धरलं, फेरविचार होईपर्यंत फाशी रोखली. पण शिक्षा रद्द करून जाधवांना परत पाठवा, ही मागणी मानली नाही. ‘जिंकलो, तर ते आले का नाहीत?’ याचं उत्तर निकालातच आहे.

उरलेली शिक्षा भारतात भोगता येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यासाठी २००३ चा कायदा आहे. त्या देशाशी करार हवा, निकाल अंतिम हवा, कैदी आणि दोन्ही सरकारं राजी हवीत. शिक्षा माफ होत नाही, पण आईला भेटायला जाता येतं. ते थोडं नाही.

सगळ्यात जीवघेणा गैरसमज म्हणजे शिक्षा संपली की माणूस घरी येतो. पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, समुद्रातली सीमा ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात पडतात. शिक्षा काही महिन्यांची, कैद कित्येक वर्षांची. २००८ चा भारत-पाकिस्तान करार सांगतो की शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सोडायचं. ती खात्री पटवणं आपल्या सरकारचं काम. चौकशीचा कागद गावाकडच्या पोलिसांपर्यंत येतो. खलाशी डहाणूचा असेल तर पालघर जिल्ह्यात, मध्य प्रदेशातल्या हाटपिपल्याचा कुणी कुठल्या देशात अडकला असेल तर देवास जिल्ह्यात. पाकिस्तान अडून बसलं तर सरकारचा नाइलाज समजू शकतो. आपल्याच कचेरीत तुंबलेल्या कागदाला मात्र कोणतीही सबब चालू नये.

म्हणून घरच्यांनी पासपोर्टची प्रत, जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड जमवून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घेऊन जिल्हा पोलिस अधीक्षकांना भेटावं. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून साहाय्य मिळावं म्हणून दूतावासाकडे अर्ज करता येतो.